जुना डिजिटल पियानो घ्यावा का? आवाज नंतर, आधी पट्ट्या तपासा

मी पहिला जुना डिजिटल पियानो घेतला तो जेमतेम दहा मिनिटं वाजवून. अंगावर ओरखडा नव्हता, स्पीकर खणखणीत होते, त्यातले डझनभर आवाज मी हौसेने एकेक लावून पाहिले. विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "अहो, मुलीने वर्षभरसुद्धा वाजवला नाही. नुसता पडून आहे." मला ती जमेची बाजू वाटली. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी काहीतरी हळुवार वाजवत होतो आणि मधल्या सप्तकातला एफ हा सूर एकदम किंचाळला. आजूबाजूचे सूर कुजबुजतायत आणि हा एकटा ठणाणा करतोय. पुन्हा दाबला तर नीट वाजला. तिसऱ्यांदा वाजलाच नाही.

बाई खोटं बोलल्या नव्हत्या. पियानो खरोखरच कुणी वाजवला नव्हता. तो चार वर्षं खिडकीपाशी उघडा पडून धूळ खात होता, आणि ती धूळ नको तिथे जाऊन बसली होती. मी आवाज ऐकत बसलो, पट्ट्यांकडे पाहिलंच नाही.

त्यानंतर स्वतःसाठी आणि ओळखीच्यांसाठी बरेच जुने पियानो पाहिले. थोडे घेतले, पुष्कळ नाकारले. आता मी आवाजाला शेवटचा नंबर देतो. आवाज जुनाट वाटला तर यूएसबी केबल लावून लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमधून नवा पियानो वाजवता येतो. झिजलेल्या पट्ट्यांना असा पर्याय नसतो. पुढची तपासणी याच हिशेबाने लावली आहे.

वाजवणार कोण आणि काय

जाहिरातीत सगळ्यालाच "पियानो कीबोर्ड" म्हणतात, पण त्या नावाखाली निदान तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड असतो, त्यात ताल असतात, शेकडो वाद्यांचे आवाज असतात आणि पट्ट्या स्प्रिंगवर हलक्या चालतात. डिजिटल पियानोत ८८ पट्ट्या असतात आणि प्रत्येकीमागे छोटा हातोडा असतो. तो कशावर आपटून आवाज काढत नाही, फक्त बोटाला खऱ्या पियानोचं वजन जाणवून देतो. तिसरा मिडी कंट्रोलर (मिडी म्हणजे कुठली पट्टी किती जोरात दाबली एवढंच कळवणारा संदेश, आवाज नव्हे). दिसायला कीबोर्डच, पण त्यात स्वतःचा आवाज नसतो, संगणकाशिवाय तो मुका. "आवाज येत नाही, बहुतेक किरकोळ बिघाड असेल" अशा जाहिरातीतली वस्तू मुळात कंट्रोलर असल्याचं मी पाहिलेलं आहे.

पियानो शिकायचा असेल, विशेषतः शिक्षकाकडे जाऊन, तर ८८ पट्ट्या आणि हॅमर अॅक्शन, म्हणजे ती हातोड्यांची यंत्रणा, हवीच. हलक्या पट्ट्यांवर वर्षभर शिकलेला हात खऱ्या पियानोवर बसला की कमी पडतो. गाण्याच्या साथीला, काळी चार किंवा पांढरी एक धरून रियाजाला, किंवा चाली बांधायला हवा असेल, तर ६१ पट्ट्यांचा चांगला कीबोर्ड पुरतो. पेटीची सवय असलेल्या हाताला तर त्या हलक्या पट्ट्याच आवडतात. तिथे जड पियानो घेऊन घर अडवू नका.

एक गोष्ट फोटोवरूनही कळते. पूर्ण आकाराच्या पट्टीची रुंदी साधारण २३.५ मिलिमीटर असते, म्हणजे एक सप्तक सुमारे १६.५ सेंटिमीटरचं. काही छोट्या कीबोर्डच्या पट्ट्या याहून अरुंद असतात आणि फोटोत ते पटकन लक्षात येत नाही. शंका आली तर विक्रेत्याला एका सप्तकावर फूटपट्टी ठेवून फोटो पाठवायला सांगा. ८८ पट्ट्यांची रांगच सव्वा मीटरच्या जवळपास भरते, त्यावर दोन्ही बाजूंच्या कडा. जागा आधी मोजून ठेवा.

जाहिरात वाचताना

मॉडेलचा नंबर दिलेला नसेल तर तो मागितल्याशिवाय पुढे जाऊ नका. "यामाहाचा पियानो, उत्तम स्थितीत" यातून काहीच कळत नाही. नंबर मिळाला की बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं माहितीपुस्तक फुकट मिळतं. त्यात तीन गोष्टी पाहा: पट्ट्यांच्या यंत्रणेचं नाव, पॉलिफोनी (एका वेळी वाजू शकणाऱ्या सुरांचा आकडा, त्याबद्दल पुढे) आणि मागची जोडणीची छिद्रं.

हे का, ते एका उदाहरणाने सांगतो. यामाहाचा पी-४५ हा २०१५चा आणि पी-१२५ हा २०१८चा. दोघांच्या पट्ट्यांची यंत्रणा एकच, तिला जीएचएस म्हणतात. पी-४५ची पॉलिफोनी ६४ आणि पी-१२५ची १९२. म्हणजे बोटाला दोन्ही जवळजवळ सारखे लागतील, फरक आवाजात आणि सोयींत. विक्रेता पी-१२५साठी बरेच जास्त पैसे मागत असेल तर तुम्ही ते पट्ट्यांसाठी देत नाही, हे ठाऊक असलेलं बरं. किंवा रोलँडचा एफपी-३० घ्या. त्याला ब्लूटूथ आहे असं जाहिरातीत लिहिलेलं असतं आणि ते खरंही आहे, पण ते मिडीपुरतं. फोनवरचं गाणं त्याच्या स्पीकरवर वाजवायची सोय २०२१च्या एफपी-३०एक्समध्ये आली.

पॉलिफोनी म्हणजे एका वेळी किती सूर वाजत राहू शकतात तो आकडा. दहा बोटांना ६४ सूर कशाला, असं वाटेल. पण पेडल दाबून धरलं की आधी वाजवलेले सगळे सूर घुमत राहतात, शिवाय बऱ्याच पियानोंत स्टिरिओसाठी एका पट्टीमागे दोन आवाज खर्च होतात. ३२ची पॉलिफोनी असलेल्या जुन्या वाद्यात पेडलवर लांबलचक तुकडा वाजवला की खालचा खर्ज मध्येच गायब होतो. शिकाऊ माणसाला ६४ पुरते. १२८ असेल तर तो विषयच डोक्यातून काढून टाका.

विक्रेत्याला फोनवर मी मोजके प्रश्न विचारतो. पहिला मालक तुम्हीच का? मूळ अॅडॅप्टर आहे का? झाकून ठेवत होता का, आणि कुठे? कधी काही सांडलंय का? कधी उघडलाय का? शेवटचे दोन प्रश्न मुद्दाम सहज सुरात विचारतो. "हो, एकदा थोडा चहा सांडला होता, पण लगेच पुसला" हे वाक्य फोनवरच ऐकायला मिळालं तर एक खेप वाचते.

जाताना काय न्यावं

हेडफोन, आणि त्याला मोठ्या पिनेचं कन्व्हर्टर. बऱ्याच पियानोंना ६.३५ मिलिमीटरची जाड पिन लागते, आपले हेडफोन ३.५चे असतात. टॉर्च. एक लांब सरळ फूटपट्टी. आणि प्रिंटरला लागते तशी चौकोनी तोंडाची यूएसबी केबल, सोबत ती फोनला जोडायचा कन्व्हर्टर. फोनवर आधीच एखादं फुकटचं मिडी मॉनिटर अॅप घालून ठेवा. ही केबल माझ्या पिशवीतली सगळ्यात कामाची वस्तू आहे, ती कशी वापरायची ते पुढे येईलच.

वेळ निदान पाऊण तास मागून घ्या. घाई करणाऱ्या विक्रेत्याला मी सरळ सांगतो, "मला प्रत्येक पट्टी वाजवून बघायची आहे. चालेल ना?" प्रामाणिक माणूस हसतो आणि खुर्ची पुढे सरकवतो.

बंद असतानाच पाहायच्या गोष्टी

आल्या आल्या चालू करू नका. टॉर्च पाडून पट्ट्यांच्या फटीत पाहा. धूळ, केस, पिना, नाणी, पेन्सिलची टोकं, काहीही सापडतं. मुंग्यांची रांग किंवा झुरळांची बारीक काळी विष्ठा दिसली तर मी तिथूनच परततो. पालथा करता आला तर खालचे स्क्रू पाहा. डोकी गंजलेली असतील तर वाद्य ओलीत राहिलंय, आणि जो गंज बाहेर तोच आत. स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या असतील तर कुणीतरी उघडलंय. उघडणं हा गुन्हा नाही, पण फोनवर "कधीच नाही" असं उत्तर आलं होतं का ते आठवा. कुबट वास आला तर तोही विसरू नका.

आता फूटपट्टी पांढऱ्या पट्ट्यांवर आडवी ठेवा आणि डोळा तिच्या पातळीला आणून पाहा. एखादी पट्टी खाली बसलेली किंवा वर उचललेली दिसेल. एक-दोन केसभर इकडेतिकडे असतील तर चालतं. एक पूर्ण गट बसलेला दिसला तर खालचा फेल्ट (जाड लोकरी कापड) दबलाय किंवा काही तुटलंय.

मग बंद पियानोच वाजवा. वेडेपणा वाटेल, पण आवाज नसताना यंत्राचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. प्रत्येक हॅमर अॅक्शनला थोडा बद्द आवाज असतोच, तो दोष नव्हे. दोष ओळखायचा कसा, तर त्याच वाद्याच्या दोन टोकांच्या पट्ट्या वाजवून. अगदी डावीकडच्या आणि अगदी उजवीकडच्या चार-पाच पट्ट्या सहसा कुणी फारशा वाजवत नाही. त्या म्हणजे तुमच्यासमोर ठेवलेला कोरा पियानोच. तिथला बद्द आवाज ऐका, पट्टी बोटाने डावी-उजवीकडे किती हलते ते पाहा, सोडल्यावर किती चटकन वर येते ते पाहा. मग तेच सगळं मधल्या दोन सप्तकांत करा. मधल्या पट्ट्या टक-टक करत असतील, जास्त डुगडुगत असतील, सावकाश वर येत असतील, तर झीज किती झाली ते कुणाला विचारायची गरज राहत नाही. डावीकडच्या पट्ट्या उजवीकडच्यांपेक्षा थोड्या जड लागतील, ते मात्र मुद्दाम केलेलं असतं. खऱ्या पियानोतही खर्जाचे हातोडे मोठे असतात.

चालू केल्यावर

पेडलवर पाय न ठेवता चालू करा. बरीच वाद्यं चालू होताना पेडल कोणत्या जातीचं आहे ते स्वतः ओळखतात. त्या क्षणी पेडल दाबलेलं असलं तर सगळं उलटं समजतात, म्हणजे सोडलं की सूर लांबतो आणि दाबलं की तुटतो. असं झालं तर "पेडल बिघडलंय" म्हणण्याआधी बंद करून पुन्हा चालू करा.

मग मूळ सेटिंगवर आणा, त्याची पद्धत माहितीपुस्तकात असते. का, ते सांगतो. बहुतेक पियानोंत टच नावाची सोय असते आणि ती फिक्स्डवर ठेवली तर हळू दाबा की जोरात, सूर एकसारखाच येतो. पट्टीचा दोष त्यामागे पुरता लपतो. विक्रेत्याने मुद्दाम केलं असेल असं नाही, पोरांनी बटणं दाबलेली असतात. टच मध्यमवर आणा, रिव्हर्ब (घुमारा) बंद करा, ट्रान्सपोज (सगळे सूर वर-खाली सरकवणारी सोय) शून्यावर आणा, ट्यूनिंग ४४० हर्ट्झवर आहे ना ते पाहा. आवाज साध्या पियानोचा ठेवा.

आता मुख्य काम. त्यासाठी आत काय घडतं ते एकदा समजून घेऊ, कारण माझा तो एफ का किंचाळला ते यातच आहे. बहुतेक डिजिटल पियानोंत पट्ट्यांखाली रबराची लांब पट्टी असते, तिच्यावर छोटे घुमट असतात. प्रत्येक घुमटात कार्बनच्या दोन टिकल्या असतात, थोड्या वेगवेगळ्या उंचीवर. पट्टी दाबली की आधी एक टिकली खालच्या सर्किटला टेकते, मग दुसरी. या दोन स्पर्शांमध्ये किती वेळ गेला एवढंच यंत्र मोजतं. वेळ कमी गेला म्हणजे बोट जोरात आलं, म्हणून सूर मोठा. वेळ जास्त गेला म्हणजे सूर हळू. तुमच्या हाताची सगळी नजाकत त्या क्षणभराच्या फरकात सामावलेली असते. आता पहिल्या टिकलीवर धूळ बसली आणि ती उशिरा टेकली, तर दोन स्पर्शांतलं अंतर घटतं आणि हळू दाबलेली पट्टी पूर्ण जोरात बोंबलते. एखादी टिकली टेकलीच नाही, तर बहुधा शांतता. काही वाद्यांत तिसरा सेन्सर असतो. त्यामुळे पट्टी पुरती वर न येताच पुन्हा दाबली तरी सूर उमटतो.

म्हणून दोष हळू वाजवल्यावरच उघडा पडतो. जोरात वाजवलेला दूषित पियानोसुद्धा छान वाजतो, आणि दुकानात काय नि कुणाच्या घरी काय, आपण सगळे जोरातच वाजवून पाहतो.

डावीकडून सुरू करा. प्रत्येक पट्टी आधी इतकी हळू दाबा की सूर जेमतेम उमटेल. मग मध्यम, मग जोरात. काळ्याही सोडू नका. ८८ पट्ट्यांना तीन-तीन वेळा म्हणजे २६४ आघात, दहा मिनिटं जातात. मग मधल्या सप्तकांतल्या पट्ट्या एकेक करून भराभर सात-आठ वेळा वाजवा, एखादा ठोका गळतो का ते ऐका. पट्टीच्या अगदी आतल्या भागात, काळ्या पट्ट्यांच्या बेचक्यात बोट घालूनही दाबून पाहा. तिथे पट्टी जास्त जड लागणारच, पण अडकता कामा नये.

इथे ती प्रिंटरची केबल कामाला येते. पियानोला यूएसबीचं चौकोनी तोंड असेल तर फोन जोडा, अॅप उघडा. प्रत्येक पट्टी दाबली की पडद्यावर दोन आकडे येतात, सुराचा क्रमांक आणि आघाताची तीव्रता. मिडीत मधला सी ६० क्रमांकाचा, आणि ८८ पट्ट्यांचे क्रमांक २१ ते १०८. तीव्रता १ ते १२७. एकाच बोटाने, शक्यतो एकाच ताकदीने, सगळ्या पट्ट्या ओळीने हळू दाबत जा. आकडे ३८, ४१, ३६, ४४ असे आसपास नाचत राहतील, माणसाचं बोट काही यंत्र नव्हे. पण ४०, ३७, ११८, ४२ असं आलं की थांबा. ती पट्टी पाच वेळा दाबा. तीनदा ११०च्या वर गेली तर निदान झालं. कानाला जे "जरासं वेगळं" वाटतं ते पडद्यावर ढळढळीत दिसतं, आणि विक्रेत्याला दाखवायलाही बरं. खूप जुन्या वाद्यांना वेगळा ड्रायव्हर लागतो, ती फोनला दाद देत नाहीत. त्यांच्यापुरतं कानावर भागवा. यूएसबीऐवजी पाच पिनांचं गोल मिडी असेल तर वेगळा इंटरफेस लागतो.

बाकीचं पटापट. आवाजाचं बटण शून्यापासून टोकापर्यंत सावकाश फिरवा, खरखर येते का ऐका. खर्जातला सर्वात खालचा सूर जोरात वाजवा, स्पीकर फरफरला तर त्याचा पडदा फाटलेला असू शकतो, किंवा एखादा स्क्रू सैल. हेडफोन लावून पिन हलवा, एका कानातला आवाज जातो का पाहा. अॅडॅप्टरची पिन वाद्याच्या तोंडाशी हलक्या हाताने हलवा. पियानो बंद पडला तर बहुधा आतलं सोल्डरिंग सुटलंय. पेडल दाबून खालचा एक सूर धरा आणि वर जलद सूर वाजवत जा, खालचा कधी तुटतो ते ऐका. आणि हे सगळं होईपर्यंत वाद्य तापलेलं असेल, तेव्हा निघण्याआधी ज्या पट्ट्यांवर शंका होती त्या पुन्हा एकदा वाजवा. काही दोष गरम झाल्यावरच डोकं वर काढतात.

अॅडॅप्टरबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे चांगली वाद्यं जळतात. वाद्याच्या मागे किंवा खाली व्होल्टेज छापलेलं असतं आणि शेजारी एक छोटं चित्र असतं, मधला ठिपका आणि भोवती अर्धवर्तुळ, एकाला अधिक आणि एकाला उणे. अॅडॅप्टरवर तेच चित्र हवं. यामाहाच्या बऱ्याच पियानोंना १२ व्होल्ट लागतात आणि आतली पिन धन असते. कॅसिओच्या काही जुन्या कीबोर्डना ९ व्होल्ट लागतात आणि आतली पिन ऋण असते. पिन दोन्हीकडे बसली म्हणजे चालतं असं नाही. व्होल्टेज तेवढंच हवं, अँपिअर तेवढे किंवा जास्त. विक्रेत्याने कुठल्यातरी राउटरचा अॅडॅप्टर लावलेला असेल तर आधी चित्र जुळवा, मग बटण दाबा. खरखर किंवा गुणगुण ऐकू आली तर बऱ्याचदा दोष वाद्याचा नसून त्या अॅडॅप्टरचा असतो.

काय चालवून घ्यावं, काय नाही

एक-दोन पट्ट्या अधूनमधून मोठ्या वाजतात, एवढंच असेल तर मी वाद्य सोडत नाही, भाव पाडून मागतो. वाद्य उघडून, रबराची पट्टी काढून, टिकल्या आणि सर्किट आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसले की बहुतेक वेळा दोष जातो. माझा एफ तसाच बरा झाला. पण काम किचकट आहे. पट्ट्या काढाव्या लागतात, त्यांचा क्रम चुकवून चालत नाही, टिकल्यांना उघड्या बोटाने हात लावायचा नाही, आणि रबर पुन्हा बसवताना एकही खुंटी अर्धवट राहिली तर आधी चांगल्या असलेल्या पट्ट्या रुसतात. मला पहिल्यांदा अख्खा रविवार लागला आणि वरचे सहा सूर बंद पडले म्हणून पुढचा रविवारही. हात बसलेला नसेल तर तंत्रज्ञाचा खर्च आधी विचारून घ्या आणि तो वाद्याच्या किमतीतच धरा.

खरखरणारं आवाजाचं बटण, सैल हेडफोनचं किंवा विजेचं तोंड, फाटका स्पीकर, हरवलेलं पेडल: ही सगळी दुरुस्त होणारी कामं. चालू केल्यावर जुनी सेटिंग विसरणाऱ्या जुन्या कीबोर्डमध्ये बऱ्याचदा आतली बटणासारखी बॅटरी संपलेली असते.

तुटलेली पट्टी हा वेगळा मामला. सुटा भाग मिळतो का, हे त्या मॉडेलच्या वयावर अवलंबून. फोन करून विचारल्याशिवाय "मिळेल हो" यावर विश्वास ठेवू नका. मधली दोन सप्तकं झिजून टकटकत असतील तर फेल्ट बदलून थोडा फरक पडतो, पण त्या मजुरीत दुसरं वाद्य जवळ आलेलं असतं. आणि आत काही सांडलेलं असेल तर, कितीही स्वस्त असो, नको. गोड द्रव सर्किटवर वाळतो आणि महिन्यांनी एकेक पट्टी घेऊन जातो. आज सगळं वाजतंय म्हणून भुलू नका.

रंग उडालेला, ओरखडे, चिकटपट्टीचे डाग, पट्ट्यांवर मार्करने लिहिलेले ए-बी-सी, हे सगळं मला तर आवडतं. त्याने किंमत उतरते आणि बोटाला काहीच फरक पडत नाही. लहान मुलाने चिकटवलेले स्टिकर म्हणजे उलट कुणीतरी रोज वाजवत होतं.

किंमत

विक्रेता म्हणतो, "मी एवढ्याला घेतला होता." ते बाजूला ठेवा. तुमची तुलना आज त्याच दर्जाचा नवा पियानो कितीला मिळतो त्याच्याशी. त्यातून स्टँड, पेडल, अॅडॅप्टर यांतलं जे मिळत नाही ते वजा करा. सापडलेल्या दोषांचा खर्च वजा करा. वाहतूक वजा करा. कपाटासारखा, तीन पेडलवाला पियानो असेल तर तो ४०-५० किलोंचा सहज असतो, दोन माणसं आणि गाडी लागते. पी-४५सारखा सुटा पियानो ११.५ किलोंचा, एकजण उचलतो.

माझा ठोकताळा असा, की हे सगळं धरून एकूण खर्च नव्याच्या दोन-तृतीयांशावर गेला तर मी नवाच घेतो. नव्याला वॉरंटी असते, आणि जुन्यात वाचलेले थोडे पैसे एका दुरुस्तीत जातात. निम्म्याच्या आसपास असेल आणि पट्ट्या चांगल्या असतील तर आनंदाने जुना. वय पाहायचं तर दहा वर्षांपर्यंतचा पियानो मी निःशंक पाहतो. पंधरा-वीस वर्षांचा असेल तर पट्ट्या कोऱ्यासारख्या असल्या तरच, कारण सुटे भाग मिळणं दुर्मीळ होत जातं. फार जुन्या मॉडेलचं नाव कितीही मोठं असो, संग्राहक नसाल तर त्या नावाचे पैसे देऊ नका.

घासाघीस करताना दोष मोघम सांगू नका. "जरा जुना वाटतो" यावर कुणी रुपया सोडत नाही. "हे पाहा, हा एफ आणि वरचा ए, पाचपैकी तीनदा मोठे वाजतायत, पुसून घ्यायला इतका खर्च येईल" असं पडद्यावर दाखवून म्हटलं की बोलणं सरळ होतं. एकदा तर विक्रेत्यानेच पाहून सांगितलं, "अरे, मला वाटायचं माझंच बोट चुकतंय!"

काही वेळा सगळं ठीक असूनही मी नको म्हणतो. मूल सहा वर्षांचं आहे आणि चार आठवडे शिकून सोडेल अशी धास्ती असेल, तर आधी भाड्याने किंवा कुणाचा उसना मिळतो का पाहतो. उलट, शिकणारा दोन-तीन वर्षं टिकून आहे आणि हलक्या कीबोर्डवर अडलाय, तर त्याला स्वस्तातला थकलेला पियानो देऊन आणखी अडवू नये. त्याच्यासाठी थोडं थांबून बऱ्या पट्ट्यांचाच पाहावा.

घेतल्यावर

आणताना पट्ट्यांवर जाड कापड अंथरून वर पुठ्ठा बांधा, आणि शक्यतो आडवाच ठेवा. उभा न्यावाच लागला तर थोडाच वेळ. स्टँड सोडवलात तर स्क्रू पिशवीत घालून पिशवी स्टँडलाच बांधा. ते स्क्रू हरवण्यात माझा हातखंडा आहे.

घरी आणल्यावर लगेच चालू करू नका. बाहेर थंडी असेल आणि घर उबदार असेल तर आत दव धरतं, तासभर तसाच राहू द्या. मग खालच्या लेबलवरचा सीरियल नंबर लिहून घ्या, आणि पुन्हा एकदा फोन जोडून ८८ पट्ट्यांचे आकडे काढा. वहीत तारखेसह लिहून ठेवा. सहा महिन्यांनी एखादी पट्टी वेगळी वाटू लागली तर आपलाच भास आहे की खरंच काही बिघडतंय, ते त्या आकड्यांशी ताडून पाहता येतं. रात्री झोपताना वर एक चादर टाका. मी टाकतो, आणि सकाळी तिच्यावर जमलेली धूळ बाहेर झटकतो.